लेकरू गाडीवर बसतं तेव्हा

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात व्हालकूर नावाचं एक छोटं गाव आहे. 1934 च्या हिवाळ्यात तिथल्या एका गॅरेजवाल्याचं दोन वर्षांचं लेकरू पोटदुखीनं तळमळत होतं. अपेंडिक्सचं दुखणं विकोपाला जाऊन पोटात विष पसरलं होतं. दवाखाना दुसऱ्या गावात आणि रस्ते बर्फानं बुजलेले. बापाचं नाव जोसेफ-आर्मां बोंबार्दिए. बर्फावर चालेल असं यंत्र बनवायचा नाद त्याला पोरवयापासून होता, पण त्या वेळी त्याच्याकडे दवाखान्यापर्यंत पोचवेल असं एकही यंत्र तयार नव्हतं. लेकरू गेलं. पुढे 1937 साली त्यानं रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या आपल्या बर्फगाडीचं पेटंट मिळवलं, आणि 1959 साली त्याच्या कारखान्यातून ‘स्की-डू’ नावाची हलकी, घोड्यावर बसावं तशी बसायची गाडी बाहेर पडली. आज जगभर जिला स्नोमोबाइल म्हणतात ती हीच.

आता गंमत बघा. लेकराच्या मृत्यूनं ज्या माणसाला झपाटलं, त्याच्या त्या गाडीवर सहा वर्षांखालच्या मुलाला बसवूच नका, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे. सहा वर्षांखालचं मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नसते, म्हणून. त्याचं शरीर वेगळ्या हिशेबानं बांधलेलं असतं.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात आकाशातून बर्फ येतो तो अवकाळीच्या गारांचाच. पण भिंती नाहीत, दार नाही, पट्टा नाही, चाकं धावतायत आणि वर एक लहान जीव बसलाय, हे चित्र आपल्याला रोजचंच आहे. आपल्याकडे ते मोटरसायकलवर दिसतं. उमरग्याच्या बाजारात, कळंबच्या शाळेसमोर, भूम-परांड्याच्या वाटेवर आणि सगळ्यात जास्त तुळजापूरच्या रस्त्यावर. बाप गाडी चालवतोय, आई मागे एका अंगाला बसलीय, एक लेकरू टाकीवर, दुसरं दोघांच्या मधे. बऱ्याचदा टाकीवरच्या लेकराचं डोकं नुकतंच तुळतुळीत केलेलं असतं, कारण कुलदेवीच्या दारात जावळ काढून ही मंडळी घरी निघालेली असतात.

त्या तुळतुळीत डोक्यापासूनच सुरुवात करू, कारण निसर्गानं केलेल्या चमत्कारिक वस्तूंत त्याचा नंबर फार वरचा आहे.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या एकूण उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोकंच असतं. मोठ्या माणसात हा हिस्सा सातवा ते आठवा. कवटी एकसंध नसते. हाडांचे वेगवेगळे पत्रे असतात आणि त्यांच्यामधे मऊ फटी. जन्माच्या अरुंद वाटेतून येताना हे पत्रे एकमेकांवर सरकतात आणि नंतर पुन्हा जागेवर येतात. पुढच्या बाजूची मोठी फट म्हणजे टाळू. आपल्या आज्ज्या तिथं तेल थापतात आणि बोटानं ती भरली का ते बघतात. साधारण वर्ष ते दीड वर्षात ती भरते. इतका वेळ ती उघडी का राहते? कारण आत मेंदू झपाट्यानं वाढत असतो. जन्मतः तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाव वजनाचा असतो. दोन वर्षांत तो पाऊण हिश्श्याच्या पुढे जातो आणि पाच-सहा वर्षांत नव्वद टक्क्यांवर पोचतो. टेप घेऊन मोजलंत तर वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे 46 सेंटिमीटर भरतो, पाच वर्षांच्या मुलाचा 50-51, आणि बापाचा 56 च्या आसपास. म्हणजे पहिलीत जायच्या आधीच लेकराचं डोकं बापाच्या डोक्याला जवळजवळ भिडलेलं असतं. मान मात्र काडीसारखीच.

या मानेचीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. लहानपणी मणक्यांचा बराचसा भाग कूर्चेचा असतो, त्यांना धरणारे बंध सैल असतात, स्नायू कोवळे. मोठ्या माणसाला झटका बसला की त्याची मान खालच्या अंगाला, पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी, सगळ्यात जास्त वाकते. लहान मुलाची वाकते दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी, कवटीच्या अगदी खाली. श्वासाच्या स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा तिथूनच खाली जातात. जड डोकं, सैल मान आणि वर सरकलेला शरीराचा तोल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की लेकरू कुठूनही पडो, डोक्यावरच पडतं. प्रत्येक आईला हे ठाऊक असतं. त्यामागचं गणित एवढंच आहे.

आता गणित निघालंच आहे तर एक सूत्र सांगतो. शाळेच्या पुस्तकात ते याच रूपात भेटत नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं. एखादी वस्तू जितक्या उंचीवरून पडली, त्या उंचीला ती थांबताना लागलेल्या अंतरानं भागा. जे उत्तर येईल तितक्या पटीनं तिचं वजन त्या क्षणी वाढल्यासारखं होतं. टाकीवर बसलेल्या लेकराचं डोकं जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर असतं. ते डांबरावर आपटलं आणि सगळं मिळून तीन मिलिमीटरच दबलं असं धरलं, तर 1.2 मीटर भागिले 3 मिलिमीटर म्हणजे चारशे पट. तेच डोकं अडीच सेंटिमीटर दबणाऱ्या एखाद्या थरावर आपटलं तर अठ्ठेचाळीस पट. उंची तीच, रस्ता तोच, लेकरू तेच. मधे फक्त दोन बोटं जाडीचा थर आला.

तो थर म्हणजे हेल्मेट. लोकांना वाटतं हेल्मेटचं खरं काम वरचं चकचकीत कवच करतं. कवच मार पसरवतं आणि घासण्यापासून वाचवतं, पण प्राण वाचवतो तो आतला पांढरा थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, जरा जास्त घट्ट. हवेनं भरलेले त्याचे बारीक बारीक दाणे एकेक करून चिरडले जातात आणि डोक्याला थांबायला ते अडीच सेंटिमीटर मिळवून देतात. चिरडलेला दाणा पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा अपघात सोसलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. त्याच्याकडे जे होतं ते त्यानं देऊन टाकलेलं असतं.

ही समज माणसाला फार उशिरा आली. 1935 च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ज्यांना जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणतं ते, इंग्लंडात मोटरसायकलवरून फेकले गेले आणि डोक्याच्या दुखापतीनं सहा दिवसांनी वारले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण केर्न्स यांच्या मनातून गेलं नाही. त्यांनी लष्कराच्या मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. हेल्मेटनं जीव वाचतात हे त्यातून कागदावर आलं. थर्माकोलसारखा चिरडणारा थर घातलेल्या हेल्मेटचं अमेरिकन पेटंट तर थेट 1953 चं. मोटरसायकल त्याआधी अर्धं शतक धावत होती.

‘पण मी लेकराला घट्ट धरते ना!’ हे वाक्य प्रत्येक घरात आहे आणि त्यामागची माया खरी आहे. तेच सूत्र तिथं लावून पाहू. ताशी 40 किलोमीटर वेगानं धावणारी गाडी अडली की तिच्यावरच्या माणसाची अवस्था 6.3 मीटर उंचीवरून पडलेल्या माणसासारखी होते. दुमजली घराच्या गच्चीवरून म्हणा. वेग 60 असेल तर 14 मीटर, 80 असेल तर 25. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. समजा गाडी 40 च्या वेगात होती आणि एका मीटरच्या आत थांबली. मांडीवरचं बारा किलोचं लेकरू त्या निमिषात पंचाहत्तर किलोंच्या जोरानं पुढे जायला बघतं. एका हातानं पंचाहत्तर किलो कोणतीही आई धरू शकत नाही, आणि तेही तिला तयारीला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नसताना. टाकीवर बसलेल्या लेकराचं तर याहून वाईट. त्याच्यापुढे हँडलची लोखंडी दांडी असते आणि मागून सत्तर किलोंचा बाप त्याच पटीनं जड होऊन येतो. बाप त्याची ढाल नसतो, वजन असतो. टाकीवरची जागा लेकरांना फार आवडते, वारा लागतो, सगळं दिसतं. पण माझ्या मते सगळ्या गाडीत तीच जागा सर्वांत वाईट आहे.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट झोपेची वाटते. गाडी सुरू झाली की दहा मिनिटांत लेकरू पेंगायला लागतं. का? जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की आई बाळाला घेऊन चालायला लागली की बाळाचं रडणं थांबतं, हालचाल मंदावते, आणि हृदयाचे ठोके काही सेकंदांत खाली येतात. आई नुसती बसून राहिली तर हे होत नाही. उंदरीण पिलाला तोंडात धरून नेते तेव्हा तेही असंच निपचित पडतं. म्हणजे ही सवय माणसाची नव्हे, फार जुन्या सस्तन प्राण्यांची आहे. आई धावत असताना जे पिलू वळवळलं नाही ते वाचलं. आपल्या अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या तर गर्भात अर्धा काळ लोटेपर्यंत मोठ्या माणसाच्या मापाच्या होऊन बसतात. बाळ हलण्या-डुलण्याची जाणीव पुरेपूर घेऊन जन्माला येतं. त्या जाणिवेवरून अंग सावरायला शिकायला मात्र त्याला पुढची सात-आठ वर्षं लागतात.

लाखो वर्षांपूर्वी ज्या गुंगीनं पिलं वाचवली, तीच गुंगी मोटरसायकलवर लेकराला दगा देते. झोप लागली की स्नायू सैल पडतात, शर्ट धरलेली मूठ सुटते, मान लुढकते. जागेपणी ‘पप्पाला धरून बस’ म्हटलेलं लेकरू येडशीपासून धाराशिवपर्यंत धरून बसेलही. पण बोटं सुटली की ते बापाला पाठीमागे कळत नाही, आणि पुढच्या गतिरोधकावर उशीर झालेला असतो.

म्हणूनच 15 फेब्रुवारी 2022 ला केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली ती वाचताना मला आनंद झाला. ती लेकराच्या शरीराकडे बघून लिहिलेली आहे. वर्षभरानं, 15 फेब्रुवारी 2023 पासून, ती लागू झाली. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला अंगात घालायचं एक पट्ट्यांचं जाकीट हवं. त्याचे पट्टे चालकाच्या खांद्यांत अडकतात आणि मुलाचा छातीकडचा भाग चालकाला बांधलेला राहतो. जाकीट हलकं, पाण्यात न खराब होणारं, मापानुसार कमी-जास्त करता येणारं आणि 30 किलो वजन पेलणारं असावं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं. सायकलचं प्रमाणित हेल्मेटही चालतं. आणि असं मूल गाडीवर असताना वेग ताशी 40 च्या वर जाता कामा नये. चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार पूर्ण हेल्मेटच लागतं. मग ते अंगणवाडीतलं पोर असो की त्याचे आजोबा.

या नियमातलं जाकीट म्हणजे झोपलेल्या मुठीची भरपाई आहे. आपल्याकडच्या बाया लेकराला पदरानं पाठीशी करकचून बांधून शेतात काम करत आल्या, त्यांना हे कुणी शिकवायला नको. अडचण एवढीच की हा नियम फार थोड्या घरांत पोचला आहे. शिवाय कलम 128 दुचाकीवर चालकासोबत एकाच माणसाला मुभा देतं. त्यामुळे दोन लेकरं आणि आई-बाप अशी चौघांची मोटरसायकल हेल्मेटं घालूनही सुरक्षित होत नाही.

आपल्या मोटरसायकलींवर आणखी एक भारतीय वस्तू असते, मागच्या चाकाजवळची जाळी. आपण तिला साडी गार्ड म्हणतो. मागं बसणाऱ्याचं कापड चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं, मागच्याला धरायला मूठ असावी आणि पाय ठेवायला जागा असावी, असं नियम 123 सांगतो. तिन्ही गोष्टी मोठ्या माणसाच्या मापाच्या आहेत. लेकराचे पाय पायटेकणीपर्यंत पोचत नाहीत, ते लोंबकळतात, आणि लोंबकळणारी टाच एका अंगाला चाकाच्या आऱ्यांत जाते, दुसऱ्या अंगाला तापलेल्या सायलेन्सरला लागते. स्नोमोबाइलवाल्यांचा एक साधा दंडक आहे: मागं बसलेल्या मुलाचे दोन्ही पाय नीट टेकत असतील आणि त्याला स्वतःच्या हातांनी धरता येत असेल, तरच त्याला न्यायचं. मोटरसायकललाही याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. कायदा वयाचा आकडा सांगतो. पाय टेकतात का, हे मात्र आपल्याच अंगणात दोन मिनिटांत बघता येतं.

शेताच्या वाटेवर जे वाहन येतं त्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावरचा पत्रा म्हणजे बसायची जागा, असं आपल्याकडे ठरूनच गेलं आहे. तिथून घसरलेलं लेकरू मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यातच पडतं. आणि जे लेकरू चढलेलंच नाही, ट्रॅक्टरभोवती खेळतंय, ते मागे घेताना चालकाला दिसत नाही. संत गोरोबाकाकांचं तेर आपल्याच जिल्ह्यातलं. गोरोबाकाका विठ्ठलनामात डोळे मिटून चिखल तुडवत होते आणि रांगत आलेलं बाळ पायाखाली आलं, ही कथा इथं घराघरांत सांगतात. कथेत पांडुरंगानं ते बाळ आईला परत दिलं. तिच्यातली भक्ती मोठीच आहे. पण लेकरं जवळ असताना कामात बुडालेल्या मोठ्या माणसाची नजर कुठं असते, हेही त्या कथेनं कधीचंच सांगून ठेवलंय. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी एकदा खाली उतरून भोवती फिरून यावं आणि ‘लेकरं कुठंयत?’ असं मोठ्यानं विचारावं. पत्र्यावर कुणालाच बसवू नये.

हल्ली आपल्याकडचीही कुटुंबं सुट्टीत काश्मीरला जातात आणि गुलमर्गला पोचल्यावर मुलं हटकून त्या बर्फगाडीचा हट्ट धरतात. सहा वर्षांखालच्या मुलाला नाही म्हणायचं. मोठ्याला नेलंत तर बर्फ मऊ दिसला म्हणून हेल्मेट सोडायचं नाही, कारण दाबून घट्ट झालेल्या बर्फावरही ते भागाकाराचं सूत्र तसंच लागतं. हवा उणे 5 अंश असेल आणि गाडी ताशी 30 नं धावत असेल, तर उघड्या कातडीला ती उणे 13 सारखी बोचते. लेकराच्या वजनाच्या मानानं त्याची कातडी मोठ्या माणसापेक्षा जास्त असते, म्हणून ते लवकर गारठतं. धाराशिवच्या मे महिन्यात हेच उलट होतं. हवा 42 अंशांवर गेली की ती अंगापेक्षा गरम असते. गाडीवर लागणारा वारा घाम भराभर वाळवतो, वर उष्णताही देतो, आणि त्याच मोठ्या कातडीमुळे लेकरू बापाच्या आधी सुकतं. जावळ काढलेल्या डोक्यावर तर केसांचीही सावली नसते.

तेव्हा घरात चार ते बारा वर्षांचं मूल असेल तर एक टेप घ्या, भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून त्याच्या डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट आणा. 1 जून 2021 पासून शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला देशात बंदी आहे. बापाचं हेल्मेट पोराच्या डोक्यावर गरगर फिरतं आणि पहिल्याच धक्क्यात निघून जातं, ते नको. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर आत दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. चार वर्षांखालचं मूल असेल तर पट्ट्यांचं जाकीट मागवा, ते चालवणाऱ्यालाच बांधा, आणि लेकरू पेंगलं की गाडी बाजूला घेऊन थांबा.

आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल, टाळू अजून भरायची असेल, तर कृपा करून मोटरसायकल घरीच ठेवा. त्या मानेला हेल्मेटचं ओझंही पेलत नाही आणि झटकाही. भवानीच्या दर्शनाला, जावळाला, येरमाळ्याच्या येडेश्वरीला एसटीनं जा. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्या आज्जीला प्रवास फुकट आहे, आणि पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीटच लागत नाही.